एका रबरी नळीचा इतिहास

 

गेल्या वर्षी आपल्या विसर्जन मिरवणुकीत काय झालं ते बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या मंडळातल्या एका काकांकडे १९७१ सालची, आठ सिलिंडरची, छत उघडणारी अमेरिकन गाडी आहे. काकांनी मोठ्या हौसेनं ती बाप्पासाठी दिली. शाळेच्या पार्किंग लॉटपासून तळ्यापर्यंत जेमतेम एक मैलाचा रस्ता. पुढे ढोल, मागे लेझीमवाली मुलं, आणि मध्ये मुंगीच्या पावलानं चाललेली ती गाडी. अर्ध्या वाटेवर काकांनी हळूच काकूंना खूण केली. तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला होता. दोन मिनिटांत बोनेटमधून वाफ यायला लागली, कूलंट रस्त्यावर उतू गेलं, आणि आपले बाप्पा उरलेली वाट एका मिनीव्हॅनमधून गेले.

काकांच्या जिवाला ते फार लागलं. हिवाळाभर त्यांनी गाडीवर काम केलं. रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट बदलला, पंखा आणि पट्टा तपासला. सगळं ठीक. हायवेवर गाडी पंचावन्न मैलांनी तासभर पळवली तरी काटा मध्यावरून हलत नव्हता. उभी राहिली किंवा रांगत चालली, की तापायची.

मग कुणीतरी विचारलं, की डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी कुठे लावली आहे? दोन वर्षांपूर्वी काकांनी जुने पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं होतं. तेव्हापासून ती नळी कार्ब्युरेटरच्या एका भोकाला जोडलेली होती. काकांच्या शेजारचे निवृत्त मेकॅनिक म्हणाले, चूक आहे, नळी थेट मॅनिफोल्डला लावा. हे वरचं भोक सरकारनं प्रदूषणापायी माथी मारलेलं आहे. स्पेअर पार्टच्या दुकानातला माणूस म्हणाला, अजिबात नाही, वरचंच भोक बरोबर, पहिल्यापासून तसंच होतं. दोघंही इतिहासाचा दाखला देत होते. काकांनी मला फोन केला. म्हणाले, "तू इतिहासवाली आहेस ना, मग सांग यातलं खरं काय?"

तर आज त्या बोटाएवढ्या रबरी नळीचा इतिहास.

सुरुवात ठिणगीपासून करू. पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं आणि स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. आपल्याला वाटतं की स्फोट होतो, सगळं एका क्षणात. तसं नसतं. जाळ ठिणगीपासून सुरू होऊन पसरत जातो, आणि त्याला काही मिलिसेकंद लागतात. जाळाचा सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरच्या टोकाला पोचून नुकताच खाली निघालेला असताना मिळाला, तर जोर पुरेपूर वसूल होतो. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते, पिस्टन अजून वर येत असतानाच. किती आधी, ते क्रँकशाफ्टच्या अंशांत मोजतात. यालाच गॅरेजमध्ये टायमिंग म्हणतात.

गोम अशी की हे "किती आधी" सतत बदलतं. मिनिटाला ८०० फेरे असताना क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात पाच अंशांहून थोडं कमी फिरतो. ३००० फेऱ्यांना तोच एका मिलिसेकंदात अठरा अंश फिरतो. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण चुलीपुढे बसलेल्या आपल्या आज्यांना लगेच कळलं असतं. सरपण दाटीनं रचलं की जाळ पटकन पसरतो, विरळ मांडलं की रेंगाळतो. गाडी चढावर आहे, पाय अॅक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला आहे, तेव्हा सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरतं आणि भरभर जळतं. सपाट रस्त्यावर पाय हलका असला, किंवा गाडी उभी असली, की थोडंच मिश्रण आत येतं. त्यात आधीचा जळका वायूही मिसळलेला असतो. असं विरळ मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी बरीच आधी हवी. ठासून भरलेलं असताना तितकी आधी दिली तर इंजिन ठोकायला लागतं, आणि पिस्टनला इजा होते.

सुरुवातीच्या गाड्यांत हा हिशेब माणूस करायचा. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ बनली. तिच्या स्टिअरिंगखाली दोन दांड्या असत, उजवीकडची पेट्रोलची आणि डावीकडची ठिणगीची. चढ आला, वेग वाढला, की ड्रायव्हर कानानं इंजिनाचा सूर ऐकून डाव्या हातानं ठिणगी मागेपुढे करायचा. आणि गाडी सुरू करायला पुढे जाऊन हँडल मारायचं. त्याआधी ठिणगीची दांडी मागे घ्यायला विसरलात, तर हँडल उलटं फिरून मनगट मोडायचं. त्या काळच्या डॉक्टरांना हा अस्थिभंग चांगला ओळखीचा होता.

ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ साली डेल्को ही कंपनी काढली. केटरिंगनं बॅटरीवर चालणारं इग्निशन कॅडिलॅकला दिलं, आणि १९१२च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला. हँडल गेलं. पॉइंट, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर हा संसार पुढची साठ वर्षं टिकला. हळूहळू डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटी वजनं बसवली गेली. वेग वाढला की ती गोफणीसारखी बाहेर फेकली जातात आणि ठिणगी आपोआप पुढे ढकलतात. पहिलं कारण, म्हणजे वेग, यंत्राकडे गेलं. उरलं दुसरं, म्हणजे भार. इंजिनावर किती ओझं आहे हे डिस्ट्रिब्युटरला सांगायचं कुणी?

इथे व्हॅक्यूम कामाला आला. स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढताना गाल आत जातात ना, तसंच इंजिनात होतं. पिस्टन हवा ओढत असतात आणि कार्ब्युरेटरमधली थ्रॉटलची चकती वाट अडवून असते. चकतीच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, पोकळी तयार होते. चांगलं इंजिन उभ्या गाडीत चालू असताना समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवतं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की चकती उघडते आणि व्हॅक्यूम जवळजवळ शून्य होतो. म्हणजे व्हॅक्यूम मोजला की इंजिनावरचा भार कळतो.

१९३०च्या दशकात अमेरिकन गाड्यांमध्ये डिस्ट्रिब्युटरच्या कुशीला एक पत्र्याची डबी दिसायला लागली. आत रबरी पडदा, पडद्याला दांडी. व्हॅक्यूम वाढला की पडदा ओढला जातो, दांडी आतली थाळी फिरवते आणि ठिणगी दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त अंश आधी पडते. पाय दाबला की डबी सैल होते आणि ठिणगी मागे येते. फोर्डनं तर १९४९पासून काही गाड्यांत फिरती वजनंच काढून टाकली आणि वेग व भार दोन्हींचं काम कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमवर सोपवलं.

आता काकांच्या भांडणाचं मूळ. डबीला व्हॅक्यूम द्यायचा कुठून? दोन जागा आहेत. एक, थेट मॅनिफोल्डमधून, चकतीच्या खालून. तिथे गाडी उभी असतानाही पूर्ण व्हॅक्यूम मिळतो. दुसरी, कार्ब्युरेटरला बंद चकतीच्या जरा वर पाडलेलं बारीक भोक. याला पोर्टेड व्हॅक्यूम म्हणतात. पाय अॅक्सिलरेटरवर नसताना भोक चकतीच्या वर राहतं आणि तिथे व्हॅक्यूम नसतो. चकती जरा उघडली की तिची कड भोकाच्या वर सरकते आणि व्हॅक्यूम येतो. लक्षात घ्या, गाडी चालत असताना दोन्ही जागी जवळजवळ सारखंच मिळतं. पूर्ण दाबल्यावर दोन्हीकडे काही नाही. फरक पडतो तो पाय उचललेला असताना, म्हणजे सिग्नलला उभं असताना, ट्रॅफिक जॅममध्ये, आणि हो, विसर्जनाच्या मिरवणुकीत.

शेजारचे मेकॅनिक म्हणतात तसं वरचं भोक सरकारनं पाडलं का? नाही. प्रदूषणाचा पहिला कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून काही कंपन्या तिथून व्हॅक्यूम घेत होत्या, काही मॅनिफोल्डमधून घेत होत्या. आपल्याकडची अॅम्बॅसडर आठवा. तिचं घराणं ब्रिटिश मॉरिसचं. त्या घराण्यातही डिस्ट्रिब्युटरची बारीक नळी कार्ब्युरेटरकडूनच यायची. तर दुकानातला माणूस इथपर्यंत बरोबर. पण मेकॅनिक आजोबाही उगाच बोलत नव्हते, कारण पुढे जे घडलं ते त्यांनी आपल्या तरुणपणी स्वतःच्या हातांनी केलं होतं.

त्यासाठी लॉस एंजेलिसला जावं लागेल. २६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. भर दिवसा शहरावर तपकिरी धुकं उतरलं. लोकांचे डोळे चुरचुरले, घसे खवखवले, लांबचं दिसेना. शत्रूनं वायुहल्ला केला की काय, अशी कुजबुज झाली. मग संशय गेला कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुकं येतच राहिलं.

उत्तर दिलं एका डच माणसानं. आरी हागेन-स्मिट हे पासाडीनाच्या कॅलटेकमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. वनस्पतींच्या वास-स्वादाचे अभ्यासक, अननसाच्या सुगंधात काय काय असतं ते शोधणारे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं की न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन आणि बाकीचे झोंबरे वायू तयार होतात. म्हणजे कारखान्यांच्या जोडीनं गुन्हेगार होती घराघरासमोर उभी असलेली गाडी. ही गोष्ट पचायला उद्योगाला वेळ लागला. गाडी कंपन्यांनी आपसात संगनमत करून प्रदूषण रोखणारी साधनं लांबणीवर टाकली, असा आरोप ठेवून अमेरिकन न्यायखात्यानं जानेवारी १९६९मध्ये त्यांच्यावर खटला भरला. त्याच वर्षी तो तडजोडीनं मिटला.

तोवर कॅलिफोर्नियानं हातपाय हलवले होते. १९६६च्या मॉडेलपासून तिथे धुराड्यातून काय बाहेर पडतं यावर मर्यादा आली, १९६८पासून ती देशभर लागू झाली. कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ स्थापन झालं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले तेच हागेन-स्मिट.

कंपन्यांपुढे प्रश्न होता, की स्वस्तात काय करता येईल? जनरल मोटर्स आणि फोर्डनं हवेचा पंप बसवून एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडली, म्हणजे उरलेलं पेट्रोल तिथे जळून जाईल. क्रायस्लरनं पंप टाळला. मिश्रण विरळ केलं आणि उभ्या गाडीत ठिणगी उशिरा पाडायला सुरुवात केली. उशिरा का? ठिणगी उशिरा पडली की जाळही उशिरा लागतो, आणि एक्झॉस्टचा वायू रसरशीत गरम बाहेर पडतो. त्या उष्णतेत उरलंसुरलं पेट्रोल वाटेतच जळतं. ही युक्ती थोड्याफार फरकानं सगळ्यांनीच उचलली. आणि उभ्या गाडीत ठिणगी उशिरा ठेवायची, तर डबीला त्या वेळी व्हॅक्यूम मिळता कामा नये. जिथे नळी मॅनिफोल्डला होती, तिथली कितीतरी मॉडेलं वरच्या भोकाकडे वळली.

याची किंमत होतीच. जी उष्णता आधी पिस्टनला ढकलण्यात खर्ची पडायची, ती आता सिलिंडरच्या भिंतींत, एक्झॉस्टच्या वाटांत आणि तिथून कूलंटमध्ये जायला लागली. हायवेवर वारा रेडिएटर थंड ठेवायचा. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये अडकलं की काटा चढायचा. कंपन्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक छोटीशी पितळी वस्तू बसवली, कूलंटमध्ये बुडालेला उष्णतेचा स्विच. त्याला तीन नळ्या. एरवी तो डबीला पोर्टेड व्हॅक्यूम देतो. कूलंट साधारण २२० अंश फॅरनहाइटला पोचलं की तो फिरतो आणि डबीला थेट मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम देतो. ठिणगी आधी पडायला लागते, इंजिनाचे फेरे जरा वाढतात, पंखा आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात, आणि इंजिन थंडावतं.

पुढे नळ्यांचं जाळंच झालं. १९७०पासून जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत खालच्या गिअरमध्ये डबीला व्हॅक्यूमच मिळेना, फक्त वरच्या गिअरमध्ये मिळायचा. ३१ डिसेंबर १९७०ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वच्छ हवेच्या कायद्यावर सही केली. त्यात काही वर्षांतच प्रदूषण ९० टक्क्यांनी खाली आणायची अट होती, आणि गाडीनं ती अट ५०,००० मैलांपर्यंत पाळायची होती.

१९६५च्या नव्या कायद्यानंतर खिशात आठ डॉलर घेऊन आलेली आपली पहिली मराठी मंडळी याच काळात इथे स्थिरावत होती. पहिल्या नोकरीनंतर घेतलेली पहिली जुनी गाडी याच पिढीतली. बोनेट उघडलं की नळ्यांचा गुंता, आणि कुठली कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही. मेकॅनिक म्हणायचे, हे सगळं काढून टाका, गाडी पळेल. लोक काढून टाकायचे. आपल्या शेजारच्या आजोबांनी अशा कितीतरी गाड्या "मोकळ्या" केल्या, हे त्यांनी स्वतःच हसत सांगितलं.

आता इलेक्ट्रॉनिक इग्निशन. ५०,००० मैलांच्या अटीनं पॉइंटचं दुखणं उघडं पाडलं. पॉइंट झिजतात, अंतर बदलतं, टायमिंग सरकतं, ठिणग्या चुकतात, आणि चुकलेल्या प्रत्येक ठिणगीमागे न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं. १९७५च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. असं पेट्रोल त्यांच्यात जाऊन जळलं की ते जळून खाक व्हायचे. म्हणून झिजणारा भागच नको, असं ठरलं. क्रायस्लरनं काही गाड्यांना पॉइंटविरहित इग्निशन आधी दिलं आणि १९७३च्या मॉडेलपासून आपल्या सगळ्या अमेरिकन गाड्यांना दिलं. जनरल मोटर्सनं १९७५पासून दिलं. फोर्डही त्याच सुमाराला आलं.

क्रायस्लरचं नाव निघालंच आहे तर थोडं मुंबईला जाऊन येऊ. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला याच क्रायस्लरच्या डॉज आणि प्लायमाउथ जोडल्या जायच्या. फिएट नंतर आली, आणि १९७०च्या दशकात ती पद्मिनी झाली. डेट्रॉइटनं पॉइंट सोडले तेव्हा कुर्ल्यानं सोडले नव्हते. मुंबईचे टॅक्सीवाले काडेपेटीच्या पुठ्ठ्यानं पॉइंटचं अंतर लावून दिवस काढत होते. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनं रस्त्यांचा निरोप घेतला तो थेट ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला.

आता नीट ऐका, कारण काकांचा गोंधळ इथेच झाला होता. क्रायस्लर काय, जनरल मोटर्स काय, त्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशननं फक्त पॉइंट बदलले. पोटातली वजनं तशीच, कुशीची डबी तशीच. आज जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी जे चुंबकी किट बसवतात, तेही तेवढंच करतं. ठिणगी जास्त खात्रीची होते, पण मिश्रण जळायला लागणारा वेळ बदलत नाही. म्हणून नळी कुठे लावायची याचं उत्तर इलेक्ट्रॉनिक किटमुळे बदलत नाही. ते इंजिनानं आणि गाडीच्या मूळ रचनेनं ठरतं.

दुसरी जात मात्र वेगळी. क्रायस्लरनं १९७६मध्ये लीन बर्न नावाची रचना आणली. तिथे ठिणगीचा हिशेब एक छोटा संगणक करायचा, आणि व्हॅक्यूम त्याला केवळ माहिती म्हणून लागायचा. आज बाजारात मिळणारे प्रोग्रॅम करता येणारे डिस्ट्रिब्युटर याच वंशाचे. यांत व्हॅक्यूम दांडी ओढत नाही, भार किती आहे ते सांगतो. अशाला नळी मॅनिफोल्डचीच लागते. पोर्टेड लावली तर उभ्या गाडीत संगणकाला व्हॅक्यूम शून्य दिसेल, आणि त्याला वाटेल की गाडी घाट चढते आहे. सोबतच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, ते वाचा.

तर काकांकडे परत. आम्ही दोघांनी त्या गाडीचं जुनं सर्व्हिस मॅन्युअल काढलं आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांचा नकाशा पाहिला. नळी पोर्टेडवरच दाखवलेली होती. दुकानदार बरोबर. पण मध्ये तोच तीन नळ्यांचा उष्णतेचा स्विच होता. काकांच्या इंजिनावर त्या जागी साधा पितळी बूच बसवलेला सापडला. आधीच्या कुणा मालकानं गुंता काढताना स्विचही काढला होता, आणि किट बसवताना नळी सरळ पोर्टेडला जोडली गेली. म्हणजे कारखान्यानं उष्णता वाढवणारी युक्ती दिली होती आणि तिच्यावरचा उताराही दिला होता. उतारा तेवढा फेकला गेला होता.

आधी निदान पक्कं करायला काकांनी नळी थेट मॅनिफोल्डला लावली. न्यूट्रलमध्ये इंजिन छान चाललं. ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेक दाबून ठेवला, तर फेरे वरखाली व्हायला लागले. गेज लावून पाहिलं. न्यूट्रलमध्ये १७ इंच, ड्राइव्हमध्ये १४. आणि डबी पूर्ण ओढली जायला १५ इंच लागत होते. व्हॅक्यूम जरा कमी पडला की डबी सैल, ठिणगी मागे, फेरे कमी, त्यामुळे व्हॅक्यूम आणखी कमी, असं चक्र. जाणकारांचा ठोकताळा असा, की उभ्या गाडीत गिअरमध्ये जितका व्हॅक्यूम मिळतो, त्याच्या दोन इंच खालीच डबी पूर्ण ओढली गेलेली असावी. काकांनी १२ इंचांची मऊ डबी आणली. डोंगरी भागात राहणाऱ्यांनी याची जास्त काळजी घ्यावी. दर हजार फुटांना साधारण एक इंच व्हॅक्यूम कमी होतो, म्हणजे डेन्व्हरला पाच इंच आधीच गेलेले असतात. मग नळी काढून, तोंड बंद करून मूळ टायमिंग तपासलं, नळी लावून आयडलचा स्क्रू खाली घेतला. गाडी शांत झाली.

इथे थांबता आलं असतं. आजोबांचं तेच म्हणणं होतं. गाडी १९७१ची, त्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या राज्यातही तिला धुराची तपासणी लागत नाही. तुमच्या राज्याचा नियम तुम्ही पाहून घ्या. पण काकांना ते पटेना. म्हणाले, "अगं, मिरवणुकीत गाडीच्या मागे लेझीमवाली मुलं चालतात. धूर त्यांच्याच नाकात जातो. ज्यांनी नळी हलवली त्यांनी मुलांच्या छातीचा विचार केला होता. मी का खोडू?" त्यांनी नवा उष्णतेचा स्विच मागवला आणि बूच काढून मूळ जागी बसवला. तीन नळ्या, नकाशात होत्या तशाच.

परवा आम्ही चाचणी घेतली. बंद गॅरेजमध्ये नाही हं, उघड्या ड्राइव्हवेवर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो दया दाखवत नाही. चाकांना लाकडाचे ठोकळे लावले, काका ब्रेकवर पाय ठेवून बसले, गाडी ड्राइव्हमध्ये, ऊन चांगलं तापलेलं. वीस मिनिटं काटा चढत राहिला. काकूंनी गार्डनचा पाइप हातात घेऊन ठेवला होता. आणि मग, कुणी काही न करता, इंजिनाचा सूर किंचित वर गेला. स्विच फिरला होता. काटा लाल पट्टीच्या अलीकडे थांबला, आणि पाच-सात मिनिटांत हळूहळू खाली आला. पाऊण तास गाडी तशीच उभी होती. कूलंटचा थेंब सांडला नाही.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल आणि ती उभ्यानं तापत असेल, तर आधी रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा आणि त्याभोवतीचं कवच पाहा. तिथे सगळं ठीक असेल, तर आपल्या गाडीचा नळ्यांचा नकाशा शोधा, आणि आधीच्या मालकांनी काय काय काढून टाकलंय ते बघा. नळी हलवायची की नाही हे त्यानंतर ठरवा.

यंदा बाप्पा काकांच्याच गाडीतून जाणार आहेत, असं मंडळानं कळवलंय. मिनीव्हॅन मात्र मागून येईलच, काकूंच्या आग्रहाखातर.

पुढच्या रविवारी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.